कॉम्प्युटरशी खेळावं की माणसाशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उदाहरणं मुख्यतः चार खेळांतली आहेत: बुद्धिबळ, एज ऑफ एम्पायर्स 2 (गाव वाढवून फौज उभारायचा डावपेचांचा खेळ), स्ट्रीट फायटर 6 (दोघांच्या मारामारीचा) आणि बीजीएमआय (फोनवरचा नेमबाजीचा). जिथे दुसऱ्या खेळात मुद्दा जास्त स्वच्छ दिसतो तिथे तो खेळ घेतला आहे. 'बॉट' म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो खेळाडू, एवढाच अर्थ इथे धरायचा.

कॉम्प्युटरचा शत्रू 'विचार' करतो म्हणजे नेमकं काय करतो?

बहुतेक वेळा दोन-चार नियम पाळतो, बाकीची हुशारी आपणच त्याच्या पदरात टाकतो. 1980 सालच्या पॅक-मॅनमधली चार भुतं घ्या. खेळणाऱ्याला वाटतं की ही चौघं ठरवून घेरतायत. प्रत्यक्षात लाल भूत तुम्ही ज्या चौकटीत आहात तिथे यायला बघतं. गुलाबी भूत तुमचं तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेला चार चौकटी पुढची जागा धरतं. निळं भूत तुमच्या दोन चौकटी पुढचा बिंदू घेतं, लाल भुतापासून त्या बिंदूपर्यंत रेघ काढतं आणि ती दुप्पट लांबवून जिथे पोचेल तिकडे निघतं. नारिंगी भूत तुमच्यापासून आठ चौकटींहून लांब असेल तर पाठलाग करतं, त्याहून जवळ आलं की डाव्या खालच्या कोपऱ्याकडे वळतं.

बस, एवढंच. वळणावर आलं की ठरलेल्या जागेपासूनचं सरळ अंतर कमी होईल तो रस्ता घ्यायचा, आणि आल्या पावली मागे फिरायचं नाही. पहिल्या पातळीवर आधी 7 सेकंद भुतं आपापल्या कोपऱ्यात फिरतात, मग 20 सेकंद पाठलाग. परत 7 आणि 20, मग 5 आणि 20, शेवटी 5, आणि तिथून पुढे कायम पाठलाग. गुलाबी भुताच्या हिशेबात तर एक चूकही राहून गेली आहे: तुमचं तोंड वर असेल तर ते चार वर आणि चार डावीकडे अशी जागा धरतं. हे सगळं ठरीव असल्यामुळे लोकांनी रस्ते पाठ केले आणि डोळे मिटून खेळावं तसे खेळले.

पुढे तंत्र बरंच सुधारलं. 2004 च्या हेलो 2 मध्ये शत्रूची वागणूक निर्णयांच्या झाडासारखी फांद्याफांद्यांनी मांडली होती, 2005 च्या फिअरमध्ये सैनिक आपल्या हालचालींचा छोटा बेत आखायचे. पण 'मागून घेरा' असं सैनिक ओरडतो आणि आपल्याला तो कावेबाज वाटतो, यात अर्धा वाटा त्या ओरडण्याचा असतो.

पातळी 'अवघड' केली की कॉम्प्युटर जास्त हुशार होतो का?

क्वचित. डावपेचांच्या खेळांत तो बहुधा जास्त श्रीमंत होतो. सिव्हिलायझेशन 6 मध्ये 'प्रिन्स' ही बरोबरीची पातळी आहे. सगळ्यात वरच्या 'डेइटी' पातळीवर कॉम्प्युटरची डोकेबाजी तीच राहते, पण तो तीन वसाहतकार घेऊन सुरुवात करतो, तुमच्याकडे एकच. शिवाय त्याच्या प्रत्येक तुकडीला लढाईत 4 गुण जास्त. म्हणजे तुम्ही सुरुवातीची पिछाडी भरून काढायला शिकता. ते कौशल्य चांगलंच, पण माणसासमोर ते फारसं कामी येत नाही.

स्टारक्राफ्ट 2 यात प्रामाणिक आहे. 'एलिट'पर्यंतचा कॉम्प्युटर नियमात खेळतो आणि त्याच्या वरच्या तिन्ही पातळ्यांच्या नावातच 'चीटर' आहे: पहिल्याला पूर्ण नकाशा दिसतो, पुढच्यांना साधनसामग्रीही वाढवून मिळते. एज ऑफ एम्पायर्सच्या 1999 च्या मूळ कॉम्प्युटरला सगळ्यात वरच्या पातळीवर फुकटचं सामान मिळायचं. 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशनमधला नवा कॉम्प्युटर 'एक्स्ट्रीम'लाही ते घेत नाही. म्हणून सरावाला हा नवा घ्यावा. मेनूत जुना 'सीडी' प्रकारही निवडता येतो, तो चुकून लावून 'हा एवढी फौज आणतो कुठून' असं विचारणारे पुष्कळ.

मारामारीच्या खेळांत फसवणूक वेगळ्या जागी असते: वेळेत. स्ट्रीट फायटर 6 सेकंदाला 60 फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. हलका पंच चौथ्या फ्रेमला लागतो, म्हणजे 67 मिलिसेकंदांत. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 12 ते 15 फ्रेम. त्यामुळे पंच पाहून अडवणं कोणालाच शक्य नाही, तो अंदाजाने अडवावा लागतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट या जोरदार धडकेला 26 फ्रेम लागतात, तो मात्र पाहून परतवता येतो. कॉम्प्युटरला पाहण्याची गरजच नाही. तुम्ही बटण दाबलंत हे त्याला त्याच फ्रेमला कळू शकतं. म्हणून वरच्या पातळीवर तो काही गोष्टी अशक्य वेगाने परतवतो आणि काही मुद्दाम सोडून देतो. कोणत्या सोडतो ते लोक शोधून काढतात, मग तीच एक चाल शंभर वेळा.

मोटारींच्या शर्यतीत याचंच भावंड सापडतं: तुम्ही पुढे गेलात की मागच्या गाड्या आपोआप पळतात, मागे पडलात की पुढच्या मंदावतात. मजा येते, पण आपण सुधारलो की नाही हे त्यातून कधीच कळत नाही.

मग खरोखर उत्तम खेळणारा कॉम्प्युटर बनवताच येत नाही का?

येतो, आणि केव्हाच बनला. मे 1997 मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला 3.5–2.5 असं हरवलं. एप्रिल 2019 मध्ये ओपनएआय फाइव्हने डोटा 2 चा तेव्हाचा जगज्जेता संघ ओजीला 2–0 ने हरवलं. त्याच वर्षी अल्फास्टार स्टारक्राफ्ट 2 मध्ये ग्रँडमास्टर पातळीला पोचला. पण असा कॉम्प्युटर दुकानातल्या खेळात घातला तर दुसऱ्या दिवशी कोणी खेळणार नाही. खेळातला शत्रू मुळात हरण्यासाठी घडवलेला असतो. तो किती झुंजून हरतो, यात बनवणाऱ्यांची कला.

खरी अडचण 'थोडा कमी चांगला' खेळणारा बनवण्याची आहे. बुद्धिबळात हे लगेच दिसतं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर स्टॉकफिश या इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, 1 ते 8 पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर तो दहा चाली उस्तादासारख्या खेळतो आणि अकरावीला वजीर फुकट देतो. आपल्या दर्जाचा माणूस असा चुकत नाही. तो घाईत प्यादं ढकलतो, तुमच्या घोड्याचा दुहेरी मारा बघायचा राहतो, मारामारी दिसली की मोह आवरत नाही. या दुखण्यावर माइया नावाचं इंजिन बनवलं गेलं: 1100 ते 1900 रेटिंगच्या माणसांचे लिचेसवरचे डाव शिकवून, 'उत्तम चाल कोणती' ऐवजी 'माणूस इथे काय खेळेल' हे ओळखणारं. लिचेसवर त्याची तीन रूपं खेळायला मिळतात. पूर्ण डाव कॉम्प्युटरशीच खेळायचा असेल, तर स्टॉकफिशच्या खालच्या पातळीपेक्षा माइया केव्हाही बरा.

बॉटना सहज हरवतो, पण माणसांसमोर उभाही राहू शकत नाही. असं का?

कारण बॉटने तुम्हाला काही सवयी लावल्या आहेत आणि त्या बॉटपुरत्याच चालतात.

नेमबाजीच्या खेळांत बॉट आधी आखून ठेवलेल्या वाटांनी चालतो, गोळी झाडायला थांबतो आणि पहिल्या काही गोळ्या मुद्दाम चुकवतो. त्यामुळे तुम्ही उघड्यावर उभं राहून, शांतपणे नेम धरून मारायला शिकता. माणसासमोर उघड्यावर उभं राहण्याची मुदत अर्धा सेकंदही नसते. दुसरं, बॉटला आवाजाचं फारसं पडलेलं नसतं. तुम्ही घरात धावत शिरता, दारं उघडी टाकता. माणूस ती उघडी दारं पाहतो, पावलं ऐकतो आणि जिन्याच्या वर बसून राहतो.

एज ऑफ एम्पायर्समध्ये मधल्या पातळीचा कॉम्प्युटर उशिरा येतो, त्यामुळे भिंतीशिवाय आणि भाल्यांशिवाय निवांत वाढत राहायची सवय लागते. माणूस दहाव्या-अकराव्या मिनिटाला तीन-चार घोडेस्वार घेऊन थेट तुमच्या लाकूडतोड्यांवर येतो. शिवाय कॉम्प्युटर फौज गढीखाली आणून मारून घेतो. माणूस गढी दिसली की वळसा घालून मागच्या सोन्याच्या खाणीवर जातो.

मारामारीच्या खेळात कॉम्प्युटर तुम्ही नुसतं अडवत बसलात तरी त्याच्या ठरीव चाली चालू ठेवतो. माणूस दोनदा पाहतो की हा फक्त अडवतोय, तिसऱ्यांदा चालत येऊन उचलून आपटतो. चौथ्यांदा तुम्ही त्या आपटीची वाट पाहता, तेव्हा तो उडी मारून मागे जातो. हा 'त्याला वाटतंय की मला वाटतंय' प्रकार बॉटच्या खेळात जवळपास नसतोच. आणि माणसाशी खेळण्यातली निम्मी गंमत, निम्मा वैतागही, तिथेच आहे.

म्हणजे बॉटशी सराव करणं वाया गेलं?

अजिबात नाही. फक्त बॉटकडून डाव जिंकायचा नाही, त्याच्याकडून एकच काम घोटून घ्यायचं. कसं, ते खेळानुसार.

बुद्धिबळ. लिचेसच्या बोर्ड एडिटरमध्ये पांढरा राजा, पांढरा हत्ती आणि काळा राजा एवढंच मांडा, आणि त्या स्थितीतून कॉम्प्युटरशी पातळी 8 वर खेळा. अचूक खेळलं तर कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त 16 चालींत मात होते, आणि 50 चालींचा नियम (50 चालींत काही मारलं नाही किंवा प्यादं हललं नाही तर बरोबरी) तुम्हाला भरपूर सवलत देतो. सुरुवातीला 30 चाली लागतील, हत्ती एकदा फुकट जाईल, दोनदा कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटेल. सलग पाच वेळा 20 चालींच्या आत जमलं की राजा आणि प्याद्याकडे वळा. त्यानंतर स्वतःचे जुने डाव काढा: जिथे इंजिन म्हणतं की तुम्ही तीन प्याद्यांइतके पुढे होतात आणि तरी हरलात, ती नेमकी स्थिती मांडून पातळी 8 शी खेळा. जिंकत आलेला डाव जिंकून दाखवायचा सराव कॉम्प्युटरइतका चांगला कोणी देत नाही, कारण तो कंटाळून सोडून देत नाही आणि चिवटपणे बचाव करतो. पूर्ण डाव मात्र पातळी 8 शी खेळू नका. हरण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

एज ऑफ एम्पायर्स 2. समोरचा कॉम्प्युटर जवळजवळ विसरा आणि घड्याळाशी खेळा. बहुतेक संस्कृतींना सुरुवातीला तीन गावकरी आणि एक टेहळ्या मिळतो, म्हणजे लोकसंख्या चार, आणि टाउन सेंटरची (जिथे गावकरी तयार होतात त्या इमारतीची) क्षमता पाचची. पहिलं घर लगेच बांधायला घेतलं नाही तर दुसऱ्याच गावकऱ्याला गाडी अडते. एक गावकरी 50 अन्न खातो आणि 25 सेकंदांत तयार होतो. 22 लोकसंख्येला फ्यूडलची, म्हणजे पुढच्या युगात जायची, कळ दाबायची असेल तर 18 गावकरी बनवायचे, म्हणजे 450 सेकंद; त्यात लूम या गावकऱ्यांना मजबूत करणाऱ्या सुधारणेचे 25 मिळवा. 475 सेकंद, म्हणजे 7 मिनिटं 55 सेकंद. फ्यूडलला जायला 130 सेकंद लागतात, तेव्हा 10:05 ला तुम्ही फ्यूडलमध्ये असायला हवं. तुमचं घड्याळ 9:10 ला कळ दाबलेली दाखवत असेल तर 75 सेकंद टाउन सेंटर रिकामं बसलं, म्हणजे तीन गावकरी गेले. कारणं बहुधा तीनच: घर वेळेत झालं नाही, 50 अन्न नव्हतं, किंवा रानडुकराच्या मागे लागून रांग लावायची राहिली. 8:20 च्या आत सलग तीनदा जमेपर्यंत माणसांशी खेळायला जाऊ नका असं सांगणारे भेटतील. ते चूक आहे. जा, पण सराव चालू ठेवा.

स्ट्रीट फायटर 6. आर्केडमधला कॉम्प्युटर नव्हे, ट्रेनिंग मोडमधला पुतळा वापरा. ज्या चालीने तुम्ही हरलात ती स्वतः खेळून पुतळ्याला रेकॉर्ड करून द्या. मग दुसरी, तिच्यासारखीच सुरू होणारी पण वेगळी संपणारी चाल रेकॉर्ड करा, आणि दोन्ही कधी ही कधी ती अशा चालू द्या. आता तुम्हाला पाहून ओळखावं लागतं. एकच चाल रेकॉर्ड केली तर हात पाठ करतो, डोळे काही करत नाहीत. सराव फुकट जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. वीस वेळांत पंधरा जमल्या की बस, पुढची चाल घ्या.

बीजीएमआय. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये एम416 रायफल घ्या, काहीही न लावता, भिंतीपासून अंदाजे 50 मीटरवर उभे राहा आणि 30 गोळ्यांचं अख्खं मॅगझिन एका दमात सोडा. भिंतीवरच्या खुणांची उभी शेपटी दिसेल. अंगठा किती खाली ओढायचा ते त्या शेपटीच्या लांबीवरून ठरवा. आधी संवेदनशीलतेचे आकडे बदलू नका, आधी दहा मॅगझिनं सारखी येऊ द्या. रोज आकडे बदलणाऱ्याचा हात कधी बसत नाही. हे झालं की बॉट असलेल्या सुरुवातीच्या लॉबीत जाऊन हलत्या लक्ष्यावर तेच करा, पण स्वतःला एक अट घालून: आडोशाशिवाय एकही गोळी झाडायची नाही.

बीजीएमआयमध्ये समोरचा बॉट आहे की माणूस, हे कसं ओळखायचं?

उघड्या मैदानातून सरळ रेषेत धावतो, गोळी लागल्यावर आडोसा शोधण्याऐवजी थांबून तुमच्याकडे वळतो, पहिल्या गोळ्या तुमच्या आजूबाजूला जातात, ग्रेनेड टाकत नाही, आणि मेल्यावर त्याच्या पेटीत बेताचंच सामान निघतं. यातलं एक लक्षण नवशिक्या माणसातही दिसेल, पण पाचही एकदम दिसली तर बॉटच. एरॅन्गलसारख्या 8 बाय 8 किलोमीटरच्या नकाशात 100 जागा पटकन भरायच्या आणि नव्या खेळाडूच्या पदरात पहिल्या दिवशी दोन-चार बळी पडू द्यायचे, म्हणून बॉट घालतात. यात लपवाछपवी नाही: फोर्टनाइटने 2019 मध्ये आणि पबजीच्या पीसी आवृत्तीने 2020 मध्ये हे जाहीरच केलं होतं. रँक वाढला की त्यांचं प्रमाण घटतं. म्हणून 'आधी 15 किल काढायचो, आता 3 निघत नाहीत' ही तक्रार बऱ्याचदा प्रगतीची खूण असते.

माणसांशी रँक खेळायला लागलो आणि सलग हरतोय. सोडून देऊ?

पहिले दहा-पंधरा डाव हिशेबात धरू नका. यंत्रणेला तुमचा दर्जा माहीत नसतो. लिचेस सगळ्यांना 1500 वर उभं करतं आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह लावतं. एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये सुरुवात 1000 वर होते. खरे असाल 800 चे, तर आधी हरत हरत तिथपर्यंत उतरावंच लागतं. तुम्ही निकामी आहात असा त्याचा अर्थ नाही.

रेटिंग काढायच्या इलो पद्धतीचा हिशेब सरळ आहे. दोघांत 200 गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून शंभरात 76 गुणांची अपेक्षा असते, 400 चा असेल तर 91 ची. म्हणजे 200 ने वरच्या माणसाशी खेळलात आणि चारात एक जिंकलात, तर तुम्ही अगदी ठरल्याप्रमाणे खेळताय. आणि आपल्या जागी पोचल्यावर निम्मे डाव हरायचेच आहेत. बॉटशी खेळून 90 टक्के जिंकायची सवय झालेल्याला हे निम्मं फार लागतं. त्यावर उपाय एकच, सलग तीन हरलात की त्या दिवशी रँक बंद. चौथा डाव रागाने खेळला जातो आणि रागाचे डाव गुण घेऊन जातात.

लुडोच्या अ‍ॅपमध्ये कॉम्प्युटर स्वतःला सहा पाडून घेतो का?

हा प्रश्न घरोघरी आहे, आणि मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग टाळेबंदीत घरोघरी गेल्यापासून जास्तच. आधी गणित बघा. दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के. चौघं खेळत असतील तर पहिल्या दहा फेऱ्यांत निदान एकजण घरातच बसून राहण्याची शक्यता 50 टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे दर दोन डावांत एकदा कोणीतरी 'हा फासाच खोटा' म्हणून ओरडणार, फासा कितीही खरा असला तरी.

शंका फेडायची असेल तर मोजा. कॉम्प्युटरच्या 300 फेका वहीत लिहा. सहा पडल्यावर मिळणारी जादा फेकही धरा. सरासरी 50 सहा यायला हवेत. 37 ते 63 च्या दरम्यान आले तर शंकेला जागा नाही. 75 आले तर पुन्हा 300 मोजा, आणि परत तसंच झालं तर अ‍ॅप काढून टाका. फक्त लक्षात राहिलेले सहा मोजू नका. आपली सोंगटी मारली गेली तेव्हाचा सहा आठवड्याभर लक्षात राहतो, वाया गेलेला सहा संध्याकाळीही आठवत नाही.

भिंतीआड गेल्यावरही मेलो. हे कसं?

कॉम्प्युटरशी खेळताना सगळं तुमच्याच यंत्रात घडतं. माणसाशी खेळताना दोन पडद्यांवर दोन वेगळे क्षण चालू असतात. समोरच्याला तुम्ही दिसता ते थोडं आधीचे. त्याने गोळी झाडली की सर्व्हर घड्याळ मागे फिरवून बघतो, की त्याच्या पडद्यावर त्या क्षणी तुम्ही कुठे होतात. तिथे नेम बरोबर असेल तर गोळी लागली.

आकड्यांत सांगायचं तर काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात एके रायफल घेऊन धावणारा सेकंदाला 215 एकक जातो. एकूण 100 मिलिसेकंदांचा फरक पडला तर साडेएकवीस एककं, आणि खेळाडूची रुंदी आहे 32. म्हणजे तुमच्या पडद्यावर तुम्ही दोन-तृतीयांश अंग भिंतीआड नेलेलं असतं तेव्हा त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून पूर्ण बाहेर असता. हीच गोष्ट उलटीही चालते: कोपऱ्यातून अचानक बाहेर येणाऱ्याला थांबून बसलेल्यापेक्षा आधी दिसतं. म्हणून कोपऱ्यावर नेम धरून बसण्याचा बॉटविरुद्धचा बिनचूक डाव माणसाविरुद्ध कमी पडतो. कोपऱ्यापासून लांब बसा, आणि प्रत्येक गोळीनंतर जागा बदला.

पिंग कमी कसा करायचा?

पिंग म्हणजे तुमच्या यंत्रातून निघालेला संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ. आधी दोष कुठला ते शोधा. पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला (बहुतेक घरी 192.168.1.1 किंवा 192.168.0.1) शंभर वेळा पिंग करा. उत्तर 1 ते 5 मिलिसेकंदांत येत राहिलं तर घरातलं ठीक आहे. मध्येच 60, 120 असे उसळे दिसले तर गुन्हेगार वाय-फाय. अशा वेळी प्लॅन वाढवून 300 एमबीपीएसचा घेतला तरी फरक पडत नाही, कारण खेळाला वेगाची भूक फार थोडी असते. 2.4 गिगाहर्ट्झवरून 5 वर जा, पण 5 ला भिंती सोसत नाहीत, दोन खोल्या पलीकडे ते पडतं. सगळ्यात उत्तम म्हणजे कॅट 5ई केबल. ती 100 मीटरपर्यंत चालते आणि वाय-फायच्या सगळ्या नखऱ्यांवर उतारा आहे.

राउटरपर्यंत सगळं ठीक आणि तरी संध्याकाळी खेळ अडखळत असेल, तर घरात कोणीतरी फोटोंचा बॅकअप चढवतंय का पहा. अपलोड भरला की पिंगची पाकिटं रांगेत अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर बांधा.

त्यानंतर सर्व्हरचं ठिकाण. काचेच्या तारेत प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर साधारण 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद तर निसर्गच घेतो. तारा सरळ जात नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकचे मुंबईत सर्व्हर आहेत. सेटिंगमध्ये चुकून सिंगापूर निवडलेलं नाही ना, हे पाहायला अर्धा मिनिट लागतं.

डाव चालू असताना वीज जाते. काय करावं?

रँकमध्ये सोडून गेल्याची शिक्षा होते, आणि वीज गेली हे यंत्रणेला कळत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदी 30 मिनिटांपासून सुरू होऊन 7 दिवसांपर्यंत जाते. फोनवर खेळत असाल तर राउटरपुरता छोटा यूपीएस पुरतो. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचा आकडा वाचा: बहुतेक 12 व्होल्टचे असतात, पण 9 व्होल्टचेही आहेत, आणि चुकीचा जोडला तर राउटर जळतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज द्यावी लागते. एवढं करूनही नेट जात असेल तर इमारतीतला केबलवाल्याचा स्विच विजेवर चालतोय. त्याच्याशी बोलण्याला पर्याय नाही. ज्या भागात वीज रोज ठराविक वेळी जाते, तिथे ती वेळ बॉटच्या सरावाला ठेवावी.

हरवणारा चीटर आहे असं वाटतं. खात्री कशी करायची?

डाव पुन्हा पाहण्याची सोय असेल तर त्याच्या बाजूने पहा. भिंतीपलीकडच्या माणसाच्या मागोमाग नेम सरकत असेल, तोही एकदा नव्हे, पाच-सहा वेळा, तर तक्रार करा. एकदाच डोक्यात गोळी बसली हा पुरावा नाही. बहुतेक वेळा समोरचा फक्त चांगला असतो, किंवा दुसऱ्या खात्यावरून खाली खेळायला आलेला.

मुलांनी कोणाशी खेळावं?

दहा-बारा वर्षांपर्यंत कॉम्प्युटर किंवा घरातलीच माणसं. कारण कौशल्याचं नाही, माइकवरच्या शिव्यांचं आहे. अनोळखी माणसांशी खेळू द्यायचंच असेल तर आवाज आणि चॅट आधी बंद करून द्या; बहुतेक खेळांत ते होतं. एक व्यावहारिक फरकही ध्यानात ठेवा: बॉटचा डाव जेवायला हाक मारल्यावर थांबवता येतो, माणसांचा येत नाही. 'पाच मिनिटांत ये' म्हणण्याऐवजी 'हा डाव संपला की ये' म्हणा, भांडण निम्मं होतं. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशात 2025 च्या कायद्याने बंद आहेत. 'माणसांशी खेळा, पैसे जिंका' अशी लिंक फोनवर आली तर उघडू नका.

भाऊ न्यू जर्सीत, मी पुण्यात. एकत्र काय खेळता येईल?

सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन 125 मिलिसेकंद किमान, प्रत्यक्षात 200 च्या वर धरा. म्हणजे स्ट्रीट फायटर आणि नेमबाजी एकमेकांविरुद्ध नको. ज्याच्या गावी सर्व्हर, तो जिंकेल आणि दुसरा चिडेल. पाळीपाळीचे खेळ, बुद्धिबळ किंवा लुडो, यात हा उशीर कळतही नाही. एज ऑफ एम्पायर्समध्ये हुकूम दिल्यावर गावकरी जरा उशिरा हलतो, पण खेळ चालतो. तिथे दोघांनी एका बाजूला राहून समोर दोन 'हार्डेस्ट' कॉम्प्युटर घ्यावेत: उशीर दोघांनाही सारखाच, आणि कॉम्प्युटर त्याबद्दल कुरकुर करत नाही. इकडची सकाळ साडेसात म्हणजे तिकडची रात्र, उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात नऊ. डाव तासाभराचा होतो, तेव्हा नकाशा छोटाच निवडा.